टिश्यूची केळी, हरण्या आणि शेजारचा भाजीपाला

टिश्यू म्हणजे ऊतिसंवर्धन: झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत बाटलीत रोप वाढवणे. खानदेशात टिश्यू म्हटले की रोप केळीचेच. भाजीत ही विद्या त्याआधीच आली होती. १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये शेंड्याचा सूक्ष्म कोंब वाढवून विषाणूमुक्त बटाटा मिळवला गेला. आज सर्रास वापरले जाणारे पोषक माध्यम १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींवर काम करताना ठरले.

बामणोद-आसोद्याच्या भरिताच्या वांग्याला या खटाटोपाची गरज पडली नाही. एका पिकल्या वांग्यातून शेकडो बिया निघतात, त्या राखेत घोळून ठेवल्या की पुढच्या हंगामाची सोय झाली. वांग्याच्या बीजपत्रापासून, म्हणजे बी उगवताना निघणाऱ्या पहिल्या पानापासून, प्रयोगशाळेत अख्खे रोप उभे राहते, हे ठाऊक होते. किडीला रोखणारे जीवाणूचे जनुक घातलेले बीटी वांगे त्याच वाटेने घडवले गेले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्राने त्याला स्थगिती दिली. साध्या ऊतिसंवर्धनात बाहेरचे जनुक घातले जात नाही, पण बांधावरच्या चर्चेत दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत पडल्या.

केळीला लावण्यासारखे बी नाही, म्हणून गाडी तिथूनच पुढे गेली. बसराई या जुन्या वाणाचे कंद एका बागेतून दुसऱ्या बागेत जात आणि रोगही बरोबर नेत. १९९०च्या दशकात ग्रँड नैन या वाणाची टिश्यूची रोपे आली, ठिबक आले, बाग एकसारखी निसवू लागली, म्हणजे घड एकाच वेळी बाहेर पडू लागले. अठरा महिन्यांचे पीक बारा महिन्यांच्या आसपास आले.

आणि मग हरण्या, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा रोग. हा रोग जुनाच, पण २०२०च्या पावसाळ्यात रावेर-यावलकडच्या कोवळ्या मृगबागांत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागांत) तो इतका पसरला की शेतकऱ्यांनी झाडे उपटून बांधावर टाकली. दोष कोणाचा, यावर तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. शेतकरी म्हणाले, रोपच रोगट आले. रोपे विकणाऱ्यांनी ढगाळ हवेकडे आणि मावा या रस शोषणाऱ्या किडीकडे बोट दाखवले. सल्ला देणाऱ्यांनी तिसराच आरोपी शोधला: भाजीपाला. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, वांगी यांच्यावरही हाच विषाणू जगतो, तेव्हा केळीत किंवा केळीजवळ ती लावू नका.

शास्त्र म्हणून सल्ला बरोबर आहे. मावा रोगट वेलीवर काही सेकंद सोंड खुपसतो आणि तेवढ्यात विषाणू उचलून केळीवर नेतो. फवारणीचा परिणाम होईपर्यंत त्याचे काम झालेले असते. पण केळीचे पैसे हाती येईपर्यंत घर चालते ते दोन ओळींमधल्या मिरचीवर आणि काकडीवर, आणि हा तोटा कोणी हिशेबात धरला नाही. शिवाय टिश्यूचे रोप पहिल्या काही महिन्यांत कंदाच्या रोपापेक्षा सीएमव्हीला लवकर बळी पडते. ही गोष्ट रोप विकताना क्वचितच सांगितली जाते.

२००६ पासून देशात ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था आहे, तीत विषाणूंची चाचणी येते. चाचणी रोप बाटलीत असताना झाली असेल, तर पुढे हार्डनिंगच्या (रोप बाहेरच्या हवेला सरावण्याच्या) शेडनेटमध्ये मावा शिरला की नाही हे त्या कागदावरून कळत नाही. रावेरकडचे काही जाणते म्हणूनच आता बिलासोबत रोप शेडनेटमधून निघतानाचा अहवाल मागतात.