किनाऱ्यावरच्या अँटेनासाठी तार मागवण्याआधी

मोटारीचं वाइंडिंग भरण्याच्या दुकानातून हॅम रेडिओची (हौशी लोकांच्या बिनतारी संचाची) तार, तीही थेट वर्धा जिल्ह्यातून? रत्नागिरी-मालवणकडचे ग्राहक हे विचारतातच. तांब्यात आमचे हात रोजचेच, एवढंच त्याचं उत्तर. पण त्यापेक्षा जास्त वेळा येणारा फोन असा: "वायर वरून नवी कोरी दिसते, सोलली तर आत काळी. माल जुना होता का?"

माल जुना नव्हता. टोक उघडं राहिलं होतं.

बारीक तारांच्या वायरचं टोक उघडं राहिलं की दिव्याची वात तेल ओढते तशी ती खारं पाणी आत ओढते. कव्हर शाबूत राहतं आणि आत तांबं काळं-हिरवं होत जातं. ७ मेगाहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या जेमतेम ०.०२५ मि.मी. थरातून वाहतो आणि नेमका तोच थर आधी खराब होतो. मग एसडब्ल्यूआर (रेडिओ आणि अँटेना किती जुळतात ते सांगणारं माप) हलतो आणि माणूस ट्यूनरला, म्हणजे ती जुळणी करणाऱ्या डब्याला, दोष देत बसतो.

म्हणून टोक सोल्डरनं पूर्ण भरा, त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, वरून ताणली की एकजीव होणारी रबर टेप गुंडाळा. अँटेनाच्या मधल्या जोडावर, जिथे रेडिओकडे जाणारी कोएक्स केबल जोडतात, टेपची काटकसर नको, कोएक्सच्या आतली तारांची जाळी तर जास्तच पाणी पिते. आणि आंबट वासाचं सिलिकॉन कृपा करून लावू नका. तो वास अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा असतो. पाणी अडवायला लावलेली वस्तूच तांबं खाते. आमच्याकडे परत आलेल्या तुकड्यांत हा प्रकार पुष्कळदा दिसला.

तार कोणती? किनाऱ्याला कलई केलेलं तांबं, काळ्या कव्हरात. महाग पडते, खरं आहे. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेचं जस्त उतरलं की गंज आलाच. अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही आणि तांब्याशी जोडलं तर खाऱ्या ओलीत तेच आधी झिजतं. तांबं चढवलेली पोलादी तार ताणून लांबत नाही, लांब पल्ल्याला छान, पण चरा पडला की आतलं पोलाद गंजतं.

४० मीटर बँडच्या, म्हणजे वरच्याच ७ मेगाहर्ट्झच्या, डायपोलला (मधल्या जोडापासून दोन बाजूंना तार असलेल्या अँटेनाला) दोन्ही बाजू मिळून साधारण २० मीटर तार लागते. आम्ही २२ मीटर देतो, जुळवताना छाटा. कापलेली तार परत घेत नाही, यावर काहीजण रागावतात. पण उघड्या टोकानं महिनाभर खारा वारा खाल्लेला तुकडा पुढच्या ग्राहकाला कसा विकायचा?

यवतमाळ-वाशिमकडच्या मंडळींनी कलईवर पैसे घालू नयेत. आपल्याकडे वैरी आहे ते ऊन, साधं तांबं काळ्या कव्हरात पुरे. कोकणातल्यांना टोकं बंद करूनच तार हवी असेल तर मागवतानाच दोन्ही बाजूंची मापं कळवा. सोल्डर-स्लीव्हचे पैसे वेगळे, टेपची एक गुंडाळी आमच्याकडून.