प्रतिकृती मोटार-शर्यत मंडळ

खऱ्या गाडीच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या, रेडिओ लहरींनी चालवल्या जाणाऱ्या गाड्यांच्या शर्यती नियमाने भरवणारी हौशी खेळाडूंची स्थानिक संघटना. निव्वळ वेगासाठी शर्यती भरवणारी मंडळे बरीच आहेत. गाडी खऱ्यासारखी दिसावी आणि जमेल तितकी खऱ्यासारखी धावावी असा आग्रह धरणाऱ्या मंडळांचाच विचार येथे मुख्यतः केला आहे. मराठीत ‘मोटार’ हा शब्द वाहनालाही लावतात आणि ते फिरवणाऱ्या विजेच्या यंत्रालाही. घोळ टाळण्यासाठी या नोंदीत वाहनाला ‘गाडी’ व यंत्राला ‘मोटर’ म्हटले आहे.

उगम : पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी कोणती, याचे उत्तर ‘नियंत्रित’ या शब्दात काय काय धरायचे यावर ठरते. निकोला टेस्ला यांच्या १८९८ च्या अमेरिकन पेटंटच्या शीर्षकात नौका आणि वाहने दोन्ही आहेत. पण लोकांपुढे चालवून दाखवली ती नौकाच. स्पॅनिश अभियंते लेओनार्दो तोरेस केवेदो यांनी ‘तेलेकिनो’ या आपल्या यंत्रणेने १९०४ च्या सुमारास एक तीनचाकी गाडी काही मीटर अंतरावरून फिरवली. जमिनीवरच्या वाहनापुरता हा दाखला अधिक भक्कम आहे, मात्र खेळाशी त्याचा संबंध पोचत नाही.

हौशी शर्यतींचा वारसा दुसरीकडून येतो. १९३० व १९४० च्या दशकांत मधल्या खांबाला तारेने बांधलेल्या, छोट्या इंजिनावर गोलगोल धावणाऱ्या गाड्या लोकप्रिय होत्या. त्यांत वेग होता, वळवणे नव्हते. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये ‘स्केलेक्स्ट्रिक’ बाजारात आले आणि खाचेतून धावणाऱ्या विजेच्या गाड्या, म्हणजे स्लॉट गाड्या, घरोघरी व मंडळांत पोचल्या. काही लेखक रेडिओ-गाड्यांचे मूळ स्लॉट गाड्यांत पाहतात, तर काही रेडिओवर उडणाऱ्या प्रतिकृती-विमानांत. यंत्रणा विमानांकडून आली आणि फेऱ्या मोजणे, गट पाडणे ही मंडळाची रीत स्लॉट गाड्यांकडून, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

विमानांच्या सुरुवातीच्या साध्या संचांत एकच कळ असे : एकदा दाबली की एका बाजूला, दोनदा दाबली की दुसऱ्या बाजूला, आणि दर वेळी सुकाणू पूर्ण वळणार. मोकळ्या आकाशात एवढ्यावर भागत असे. वळणावर चार गाड्या खेटून आल्या की भागत नाही. हात जितका वळवावा तितकेच चाक वळेल असे प्रमाणशीर नियंत्रण १९६० च्या दशकात हौशी लोकांच्या आवाक्यात येऊ लागले, आणि तेव्हाच गाड्यांची शर्यत शक्य झाली. इटलीतील रेज्जो एमिल्या येथील ‘एल-जी’ या कंपनीची १:१२ प्रमाणातील फेरारी २५० एलएम (१९६६) ही तयार विकली गेलेली पहिली रेडिओ-गाडी असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील ‘रोर’ ही नियामक संघटना १९६७ ची. १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ ही १:१२ गाडी आणली, तेव्हा कपाटात मांडायची प्रतिकृती आणि जमिनीवर पळणारी गाडी या दोन हौशी एका खोक्यात आल्या. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पोमोना येथे १:८ गाड्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

प्रमाण व वेग : १:१० प्रमाणाची गाडी ताशी ४० किमी. वेगाने धावली तर ती ‘प्रत्यक्षात’ ताशी ४०० किमी. धावली, असे जाहिरातींतून आणि पुष्कळदा मंडळांतूनही सांगितले जाते. हा हिशोब फक्त लांबीचा आहे. गाडी दहापट लहान झाली तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. त्यामुळे कडेवरून आदळणे, कलंडणे, वळणावर अंग टाकणे या हालचाली खऱ्या गाडीच्या सुमारे एकतृतीयांश वेळात उरकतात. हे लक्षात घेतले की गुणक १० न राहता त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.१६ होतो, आणि तेच ताशी ४० किमी. खऱ्या गाडीच्या ताशी १२६ किमी.च्या बरोबरीचे ठरतात. चित्रपटातली छोटी प्रतिकृती खरी भासावी म्हणून तिचे चित्रण जास्त गतीने करून संथ दाखवतात, त्यामागचे गणित हेच. दुसरा हिशोब रूक्ष असला तरी डोळ्यांना पटणारा आहे.

वजनाचे गणित मात्र नीट जुळते. लांबी दहावा भाग तर वजन हजारावा भाग, १,३५० किग्रॅ.ची गाडी १.३५ किग्रॅ.ची व्हायला हवी, आणि १:१० टूरिंग (रस्त्यावरच्या बंद गाड्यांच्या धाटणीच्या) गाड्यांचे नियमातले किमान वजन साधारण तेवढेच असते. शक्तीचे जुळत नाही. वरच्याच न्यायाने २२० किलोवॉटच्या शर्यती गाडीच्या प्रतिकृतीला जेमतेम ७० वॉट पुरतात, आणि शर्यतीतल्या सामान्य मोटरी याहून कितीतरी जास्त देतात. म्हणून खऱ्यासारखेपणा हवा असलेली मंडळे तारेच्या जास्त वेढ्यांच्या, म्हणजे मंद मोटरी सक्तीच्या करतात. १९६० च्या दशकातील अमेरिकी गाड्यांच्या धाटणीच्या वर्गात २५.५ वेढ्यांची ब्रशविरहित मोटर रूढ आहे. वेग-नियंत्रकाने मोटरला आतून जादा चालना देऊ नये म्हणून, ती बंद असल्याची खूण असलेला, त्यावरचा दिवा लुकलुकता ठेवण्याचा नियम असतो. तपासनीस तो दिवा पाहतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो.

कवच : वादाची सर्वांत मोठी जागा. पॉलिकार्बोनेटचे पातळ कवच हवेचा दाब घेते, त्यामुळे ते जितके पाचरीसारखे तिरपे तितकी गाडी रस्त्याला धरून राहते. नियमात ‘खऱ्या गाडीशी साम्य’ एवढेच लिहिले की निर्माते साम्य नावापुरते ठेवतात; टूरिंग वर्गातील लोकप्रिय कवचे पुढे रस्त्यावरच्या कोणत्याच गाडीसारखी दिसेनाशी झाली. यावर मान्य कवचांची यादी, पंखाची कमाल मापे, जमिनीपासूनची किमान उंची आणि दारावर शर्यत-क्रमांक हे उपाय आहेत. यादी सांभाळणे किचकट असले, तरी ‘साम्य’ या शब्दावर दर आठवड्याला होणाऱ्या भांडणापेक्षा ती परवडते.

रंगकाम कवचाच्या आतून होते आणि त्याचा क्रम उलटा असतो : आधी खिडक्या झाकायच्या, मग पट्टे व बारकावे, मग मुख्य रंग, आणि सर्वांत शेवटी पाठीमागून पांढरा किंवा चंदेरी हात. हा शेवटचा हात चुकला तर पिवळा मळकट दिसतो. बाहेरची संरक्षक फिल्म सोलली की रंग प्रथमच नीट दिसतो; चूक झाली असेल तर तीही तेव्हाच. रंग पॉलिकार्बोनेटसाठीचाच लागतो, नाहीतर पहिल्या धडकेत खपल्या पडतात.

शर्यतीचा दिवस : पूर्वी दोन प्रेषक एकाच कंप्रतेवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर चालू झाले की एकाची गाडी दुसऱ्याच्या ताब्यात जाई किंवा सुसाट सुटे. २७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात तपकिरीपासून निळ्यापर्यंत सहा रंगांचे सहा मार्ग, म्हणजे चॅनेल होते. फलकावरचा आपल्या रंगाचा चिमटा हाती आल्याशिवाय प्रेषक सुरू करायचा नाही, हा मंडळाचा सर्वांत कडक नियम असे. मार्ग आपसात भिडू नयेत अशा रीतीने हीट, म्हणजे छोट्या गटांच्या शर्यती, पाडाव्या लागत. २००० नंतरच्या दशकात २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि हीट चालकाच्या वेगावरून पडू लागल्या.

फेऱ्या मोजायला पूर्वी माणसे बसत. आता धावपट्टीखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून गाडी गेली की तिच्यातील ट्रान्सपाँडरचा, म्हणजे ओळख-संदेश सोडणाऱ्या छोट्या यंत्राचा, क्रमांक संगणकावर उमटतो. हीट बहुधा पाच मिनिटांची. वेळ संपल्यावर चालू फेरी पूर्ण करायची. निकाल ‘२१ फेऱ्या, ५:०६.४२’ असा लिहितात. पात्रतेच्या हीटवरून ए, बी, सी अशा अंतिम शर्यती लावतात.

मार्शलची जबाबदारी नुकत्याच धावलेल्या चालकांवर असते. उलटलेली गाडी सरळ करायची, येणाऱ्या गाड्या जाऊ द्यायच्या, मग ती जिथून सुटली तिथेच ठेवायची. दुरुस्ती करायची नाही. हे काम टाळणाऱ्याच्या चांगल्या हीटचा निकाल अनेकदा रद्द करतात, आणि मंडळातील बहुतेक रुसवेफुगवे यावरूनच होतात.

कारभार : अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि शर्यत-संचालक एवढ्यांवर भागते. खर्च जागेचे भाडे, विमा व मोजणी-यंत्रणा यांचा. धावपट्टीवर गालिचा असेल तर त्याच्या शिवणी दर वेळी चिकटपट्टीने बसवाव्या लागतात. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आग न पकडणाऱ्या पिशवीतच चार्ज करायच्या आणि दोन घटांची बॅटरी ८.४ व्होल्टच्या वर न्यायची नाही, हे बहुतेक नियमावल्यांत आढळते. बंद सभागृहांत टायरांना लावायची वासाची द्रव्ये अनेक मंडळे चालू देत नाहीत. काही एकाच कंपनीचा टायर सर्वांना सक्तीचा करून तो प्रश्नच मिटवतात.