पार्श्वभूमी: बोरिंग मशीन, एक शब्द आणि सोलापूर

सोलापुरात ‘बोरिंगवाल्याला बोलाव’ म्हटलं की डोळ्यांसमोर रिगची गाडी येते, दगडाची धूळ येते आणि पाणी किती फुटांवर लागणार ही धाकधूक येते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हेच वाक्य बोललं तर आडव्या बोरिंग मशीनवरचा कारागीर हजर होतो.

घोळ शब्दाचा आहे. यंत्रशाळेत ड्रिल भोक पाडतं आणि बोरिंग पाडलेलं भोक मोठं करून मापात आणतं. ओतकामात कडक ठिपका लागला की ड्रिल बाजूला सरकतं. बोरिंगचं एकधारी टूल आधीच्या भोकाची वाट धरत नाही, ते स्पिंडलच्या, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याच्या, मध्यरेषेभोवतीच फिरतं. कामाच्या चिठ्ठीवर नुसतं ‘५० चं भोक’ असेल तर ड्रिल मारून मोकळं होता येतं. ‘बोअर ५० एच ७’ असेल (एच ७ म्हणजे मापात चालणारी ठरावीक सूट) तर ५०.००० ते ५०.०२५ मिलिमीटरच्या आतच बसावं लागतं. फरक इतका मोठा आहे.

या हिशोबाने विहिरीचा बोअर हे ड्रिलिंगच. तरीही लोकांचा शब्द चुकीचा ठरवणं मला पटत नाही. अठराव्या शतकात भरीव ओतलेल्या तोफेत नळी पाडण्यालाही इंग्रजीत बोरिंगच म्हणत. शिवाय आपल्याकडे हा शब्द तहानेतून रुजला. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास हवेच्या दाबावर चालणाऱ्या रिग काळ्या कातळात उतरू लागल्या. त्याच सुमारास सोलापुरात घडलेल्या पोलादी हातपंपाच्या पायावर पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला. गावोगाव हापशालाच बोरिंग म्हणू लागले. ज्या शब्दाने घागर भरली, तो परिभाषेच्या वहीत बसत नाही म्हणून सुटत नसतो.

यंत्राचा इतिहास त्याहून जुना. १७७५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर कापण्यासाठी बोरिंग बारला, म्हणजे टूल धरणाऱ्या दांड्याला, दोन्ही टोकांना आधार दिला गेला. एका टोकाला धरलेला लांब बार लवतो आणि सिलिंडर वाकडातिकडा निघतो. पिस्टनच्या कडेने वाफ निसटत होती ती यामुळेच. पुढे जड, गोल जॉबसाठी (जॉब म्हणजे कापायचा भाग) उभी बोरिंग मिल आली. तिथे जॉब टेबलावर फिरतो आणि त्याचं वजनच त्याला बसवून ठेवतं. पंपाच्या आणि गिअरबॉक्सच्या बॉडीसाठी आडवी मशीन आली, जिथे जॉब टेबलावर स्थिर आणि स्पिंडल फिरतं. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या भागांवर खुणा करणाऱ्या यंत्रातून जिग बोरर घडला. डाय (साचा) आणि जिग (टूलला वाट दाखवणारी चौकट) यांतल्या भोकांची एकमेकांपासूनची अंतरं त्याच्यावर साधली जातात. आज यातलं बरंचसं काम संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनिंग सेंटरवर होतं.

आपल्याकडे हे तंत्र घराघरांत ओळखीचं झालं ते इंजिनाच्या रिबोअरमुळे, म्हणजे झिजलेला सिलिंडर पुन्हा बोअर करण्यामुळे. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टनची वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे झीज जास्त, शिवाय भोक लंबगोल होतं. म्हणून आधी डायल गेज वर-खाली आणि आडवा फिरवून पाहायचा, मग मूळ मापापेक्षा ०.२५ की ०.५० मिलिमीटर मोठं (ओव्हरसाइज) करायचं ते ठरवायचं. बोअर केल्यावर होनिंगच्या, म्हणजे घासदगडाने शेवटचा हात फिरवण्याच्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा उमटल्या पाहिजेत, कारण तेल त्यांतच टिकतं. हात फिरवून गुळगुळीत लागलं म्हणून जॉब उचलणारा गिऱ्हाईक नंतर धुराची तक्रार घेऊन येतो.

साखर कारखान्यांनी दुसरं काम दिलं: लाइन बोरिंग. ऊस पिळणाऱ्या मिलचं हेडस्टॉक (रोलर धरणारा जड सांगाडा) उचलून वर्कशॉपात आणणं परवडत नाही, म्हणून मशीनच तिथे जाते. झिजलेली जागा वेल्डिंगने भरायची, दोन आधारांत बार ओवायचा आणि समोरासमोरची भोकं एकाच मध्यरेषेत कापायची. पोकलेनच्या बकेटची लंबगोल झालेली पिनहोलंही अशीच दुरुस्त होतात. बार बसवताना मध्य साधायला जो वेळ जातो, त्यापुढे कापायचा वेळ किरकोळ. गाळप संपलं की ऑफ सीझनमध्ये ही कामं निघतात आणि पुढच्या मोळीपूजनाच्या आत संपवावी लागतात.