दुचाकीचा सायलेन्सर बदलायचाय? आधी हे वाचा, मग दर विचारा

काउंटरवर रोज तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे छापून ठेवलं आहे. घरी न्या, सावकाश वाचा. वाचून बेत रद्द केलात तरी आमची हरकत नाही.

कायद्याचं आधी

हा प्रश्न बहुतेक जण सगळ्यात शेवटी विचारतात, तोही फर्ग्युसन रस्त्यावर पावती फाटल्यानंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. नियमात न बसणारा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराची मानकं मोडली तर कलम १९०(२) लागतं. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. ‘गॅरेजवाल्याने बसवलाय’ हे उत्तर चौकात चालत नाही. सायलेन्सरवर युरोपचा ‘ई’ शिक्का असेल तर तो युरोपात पास झाला, एवढाच त्याचा अर्थ. विमा कंपनीला आणि वॉरंटी असेल तर शोरूमला आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यापुढे ८०. हे आकडे नव्या गाडीचे आहेत, ठरावीक अंतरावरून गाडी पळवत नेऊन मोजलेले. मोबाइलचं अ‍ॅप सायलेन्सरच्या तोंडाशी धरून आलेला आकडा त्यांच्याशी ताडू नका. ‘दोन-तीन डेसिबलने काय होतंय’ असंही म्हणू नका, कारण ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते.

म्हणून आम्ही काय बसवतो ते स्पष्ट सांगतो. आवाज मूळ सायलेन्सरच्या जवळपास ठेवणारा, डीबी किलर (तोंडात बसवायची आवाज कमी करणारी नळी) पक्का बसवलेला डबा, तोही वरचं सगळं वाचून झाल्यावर तुम्हाला हवाच असेल तर. फटाके फोडणारा, इंदोरी, पंजाबी, मूळ सायलेन्सरला भोकं पाडून केलेला जुगाड, यातलं काहीही इथे होत नाही. कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कापून देत नाही. ‘मित्राला करून दिलंत’ असं कोणी म्हणालं, तर तो मित्र दुसऱ्या कोणाकडे गेला होता.

गाडीत नेमकं काय बदलतं

इंजिनातला धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट बेंड पाइपातून, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरच्या डब्यापर्यंतच्या वाकड्या नळीतून, मागे धावते. पाइप जिथे रुंद होतो तिथून तिची उलटी लाट परत येते. ती नेमक्या वेळी व्हॉल्व्हपाशी पोहोचली तर सिलिंडरमध्ये राहिलेला धूर ओढून काढते. पाइपची लांबी आणि व्यास कंपनीने यासाठीच ठरवलेला असतो. नाना पेठेत पार्ट घ्यायला गेलात की ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतं’ असं कोणीतरी सांगेल. ते अर्धवट खरं आहे. इंजिनाला अडथळा नको असतो, लाटेची वेळ जुळायला हवी असते. मोकळा पाइप लावला की ती चुकते. मग आवाज उदंड, पण कमी आरपीएमला गाडी ओढत नाही आणि सिंहगड रस्त्याच्या गर्दीत क्लच जळतो.

स्लिप-ऑनमध्ये बेंड पाइप तोच राहतो, मागचा डबा तेवढा बदलतो. वजन थोडं घटतं, आवाज जरा भरीव होतो. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीत ताकद वाढल्यासारखी वाटते ती बहुतेक वेळा कानालाच वाटते. पूर्ण सिस्टीम, म्हणजे बेंड पाइपासकट सगळं, बसवली तर इंधनाचं गणितही बदलावं लागतं, नाहीतर पैसे पाण्यात.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत मामला आणखी नाजूक आहे. कॅटकॉन काही मॉडेलमध्ये बेंड पाइपात असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. पोटात असेल तर डबा बदलला की तोही गेला. अशा गाडीला आम्ही स्लिप-ऑन बसवत नाही. कॅटकॉनमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते यापायीच, तेव्हा काढलेला मूळ सायलेन्सर भंगारवाल्याला किलोवर घालू नका. घरी गुंडाळून ठेवा. गाडी विकताना लागेल, आणि त्याच्या आधी पोलिसांनी बदलायला लावला तरी लागेल.

बसवताना

गाडी थंड हवी. बेंड पाइप इंजिनाच्या हेडला धरून ठेवणाऱ्या स्टडवरचे (आट्यांच्या खिळ्यांवरचे) नट गंजलेले असतात. त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून थांबावं लागतं. घाईत पाना फिरवला आणि हेडमध्ये स्टड तुटला, तर अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं.

बेंड पाइप सुटला की सांधा बंद करणारी गॅस्केटची चकती नवीनच. जुनं दाबून चपटं झालेलं असतं, ते पुन्हा नीट सील होत नाही. ‘आहे तेच बसवा’ असा आग्रह धरू नका, कारण खर्च तुमचाच वाढतो. सांध्यातून गळती असली की दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि प्लग काळा होतो. दोष सायलेन्सरच्या कंपनीला दिला जातो. सांध्याला साधं सिलिकॉन फासलं तर त्याच्या वाफेने सेन्सरच बाद होऊ शकतो.

नट आधी सगळे सैल लावायचे, मग इंजिनाकडून मागे येत आवळायचे, ब्रॅकेटचा बोल्ट सर्वांत शेवटी. उलट केलं तर पाइप ताणलेल्या अवस्थेत अडकतो आणि काही महिन्यांत ब्रॅकेटपाशी तडा जातो. त्यानंतर मागच्या सीटवर माणूस बसवून सस्पेन्शन दाबतो आणि डबा स्विंगआर्मला, ब्रेक पेडलला लागतो का ते पाहतो. सेंटर स्टँडचा रबर मूळ सायलेन्सरवर टेकत असेल, तर त्याला नवीन टेका द्यावा लागतो. हीट शील्ड ऐच्छिक नाही. मागे बसणाऱ्याची पोटरी भाजते.

स्टीलवर उमटलेले हाताचे तेलकट ठसे पहिल्याच तापण्यात कायमचे भाजले जातात, म्हणून सुरू करण्याआधी थिनरने पुसून देतो. पहिली काही मिनिटं धूर येईल. आतल्या ग्लास वूलचा (आवाज शोषणाऱ्या काचेच्या लोकरीचा) चिकटा जळत असतो, घाबरू नका. पुढे ते वूल झिजत जातं आणि आवाज चढायला लागतो, तेव्हा भरून घ्यावं.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या बुलेट आणि इतर गाड्यांत मिश्रण बघावंच लागतं. प्लग विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक पडला तर पेट्रोल कमी पडतंय. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) मोठा करून स्क्रू जुळवतो. थ्रॉटल सोडल्यावर फटफट फुटत असेल तर जेटला हात लावण्याआधी सांधा तपासा, बऱ्याचदा तिथेच गळती निघते.

दवाखाना, शाळा आणि न्यायालयाच्या शंभर मीटरमध्ये शांतता क्षेत्र असतं, आणि रात्री दहा ते सकाळी सहा सोसायटीत लोक झोपलेले असतात. रेस करून दाखवायची हौस असेल तर ती आमच्या दारातही नको, वर माडीवर घरमालक राहतात.

येताना आरसी, विम्याचा कागद आणि पीयूसी आणा. काम झाल्यावर साधारण शंभर किलोमीटर चालवून पुन्हा या. धातू तापून-थंड होऊन नट थोडे सैल होतात, ते आवळून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. गाडी चालवत आणाल म्हणजे तापलेलीच असेल, तेव्हा ती थंड होईपर्यंत बसायची तयारी ठेवा.