ड्रायर वापरताय? आधी दाराच्या आतला स्टिकर बघा

नमस्कार मंडळी,

पाऊस लागला की आपल्याकडे कपडे सुकायचं नाव घेत नाहीत, तीन दिवस दोरीवर टांगले तरी कुबट वास येतोच, म्हणून आता म्हापशात आणि आजूबाजूच्या गावांत बऱ्याच घरांत ड्रायर आलेत. काही तर विलायतेतल्या नातेवाइकांनी सामानाबरोबर पाठवलेले. हे पत्रक मुख्य त्यांच्यासाठीच आहे.

हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा, स्वान, प्रोलाइन या नावांचे, २००४ ते २०१५ मधले काही ड्रायर तिकडे रिकॉल झालेत, म्हणजे दोषामुळे कंपनीने परत मागवलेत. कपड्यांचा मऊ भुसा, म्हणजे लिंट, आत साठून हीटरला लागतो आणि पेट घेतो. या ड्रायरची जबाबदारी असलेल्या व्हर्लपूल कंपनीने २०१५ च्या नोव्हेंबरात हा दोष जाहीर केला, पण तेव्हा सल्ला असा होता की लक्ष ठेवून वापरा. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या एका उंच इमारतीत असाच ड्रायर पेटला, कितीतरी कुटुंबांना घर सोडून पळावं लागलं, त्यानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये प्लग काढून ठेवा असं सांगितलं आणि रिकॉल व्हायला २०१९ चा जुलै उजाडला. म्हणून आमचं म्हणणं, "आमचा बरा चालतोय हो" यावर जाऊ नका, पेटायच्या आदल्या दिवशी लंडनचा तो ड्रायरही बरा चालत असणार.

आम्ही एकदा दुरुस्तीला आलेला ड्रायर खोलला, कुठल्या कंपनीचा ते सोडा, ड्रमच्या मागे करडा थर, बोटभर जाड, आणि हीटरच्या बाजूला तो थर चहासारखा तपकिरी झालेला. घरच्यांना फक्त "जरा करपट वास येतो" एवढंच जाणवलं होतं.

तेव्हा आज एवढं करा, प्लग काढा (नुसतं बटण बंद करून भागत नाही), दार उघडून आतल्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर यांचा फोटो घ्या आणि दुकानात येऊन दाखवा. नंबर तपासायचे पैसे आम्ही घेत नाही. रिकॉलच्या यादीत निघाला तर कंपनीशी बोलायला मदत करू, पण आमच्याकडून जुगाड करून घेऊ नका, आम्ही करणारही नाही. आणि कृपा करून तो भंगारवाल्याला किंवा शेजाऱ्याला स्वस्तात देऊ नका, आग त्यांच्या घरी जाईल.

यादीत नसला तरी फिल्टर दर वेळी साफ करायचा, रात्री लावून झोपायचं नाही, एक्स्टेंशन बोर्डाला जोडायचा नाही.

धूर दिसला तर दार उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. पाणीही ओतू नका. जवळ जाता येत असेल तर मेन स्विच बंद करा, खोलीचं दार ओढून घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

भारतात घेतलेल्या वस्तूबद्दल कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, बिल सांभाळून ठेवा. बिल हरवलं असेल तरी स्टिकरचा फोटो घेऊन या.