जुना शस्त्र परवाना, जुनी रिव्हॉल्व्हर आणि पुन्हा नेमबाजी: पुण्यात फाइल नेमकी कुठे अडते

दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा २५ मीटरच्या रेंजवर उभं राहायचं ठरलं की बहुतेक जण आधी कपाटातली परवान्याची पुस्तिका काढतात आणि नूतनीकरणाचा अर्ज भरायला बसतात. क्रम इथेच चुकतो. परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या शाखेतला पहिला प्रश्न असतो, "खेळासाठी म्हणता, पण खेळता कुठे?" त्यावर दाखवायला मधल्या वर्षांतला एकही कागद नसतो आणि फाइल त्रुटीत निघते. म्हणून आधी खेळाचे कागद जिवंत करा, मग शस्त्राचे.

त्याहीआधी एक काम आहे, आणि ते पुढे ढकलण्यासारखं नाही.

मुदत संपली आणि शस्त्र घरातच आहे

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे परवाना संपला की शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. "वापरत नव्हतो, लॉकरमध्ये होती" हा बचाव नाही. विनापरवाना बाळगणं हाच कलम २५ खालचा गुन्हा आहे. मात्र घाबरून रिव्हॉल्व्हर स्कूटरच्या डिकीत टाकून ठाण्याकडे निघू नका. आधी ठाण्याला लेखी कळवा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि ते सांगतील तसं जमा करा. मुदत संपून बरीच वर्षं झाली असतील तर अर्ज देण्याआधी वकिलाला एकदा दाखवून घ्या. तो खर्च वाया जात नाही.

जमा केल्याची पावती वाचल्याशिवाय ठाणं सोडू नका. पावतीवर शस्त्र कोणत्या कंपनीचं, बोअर (नळीचा आतला व्यास), शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या हवी. क्रमांक पुस्तिकेतून उतरवू नका, शस्त्रावर पाहून लिहा. इंग्रजी 'ओ' आणि शून्य, 'बी' आणि आठ यांची अदलाबदल जुन्या हस्तलिखित पुस्तिकांत सर्रास सापडते. ती चूक संगणकात गेली की दुरुस्तीची वेगळी फाइल चालते. जमा शस्त्र कायमचं सुरक्षित राहतं असंही समजू नका. विहित मुदतीत ते सोडवून घेतलं नाही किंवा रीतसर विकलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं.

अर्ज कोणाकडे

पुण्यात सगळ्यात जास्त हेलपाटे इथे पडतात. पुणे शहरासाठी पोलिस आयुक्त आणि ग्रामीण हद्दीसाठी जिल्हाधिकारी, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे. वाकड, हिंजवडी, सांगवी, चाकण, तळेगाव इथे राहणाऱ्यांची फाइल आता तिकडे. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद ठाणी ग्रामीणमधून पुणे शहर आयुक्तालयात आली. म्हणजे वाघोलीत घर न बदलता राहिलेल्या माणसाचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा आणि हद्द आयुक्तांची, असं होऊन बसतं. घर बदललं नसलं तरी आजचं पोलिस ठाणं कोणतं ते आधी पाहा. जुना परवाना दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर मूळ कार्यालयातून फाइल किंवा ना हरकत येईपर्यंत काहीही हलत नाही. ते पत्र आपणहून जाईल अशी वाट पाहू नका. जावक क्रमांक मागून घ्या आणि दुसऱ्या कार्यालयाच्या बारनिशीत (टपाल नोंदवणाऱ्या टेबलावर) तोच दाखवा.

घर बदललं असेल तर नव्या हद्दीत ३० दिवसांत कळवायचं असतं. ते राहून गेलं असेल तर लपवू नका, कारण लिहा. पोलिस पडताळणीत ते निघतंच.

नूतनीकरण की नवा अर्ज

चालू परवान्याचं नूतनीकरण फॉर्म ए-३ वर, मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी. लोक हे "संपल्यावर ६० दिवसांत" असं वाचतात. पुस्तिकेवर ३१ डिसेंबर असेल तर अर्ज १ नोव्हेंबरपर्यंत आत गेला पाहिजे. दुसरी चुकीची समजूत शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीमुळे आली. परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली हे खरं, पण त्याने जुन्या पुस्तिकेवरची तारीख आपोआप पुढे सरकली असं धरू नका. छापलेली तारीख तीच तुमची तारीख.

थोड्या दिवसांच्या उशिराला लेखी कारण जोडता येतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेला परवाना ए-३ वर टाकणं म्हणजे मात्र तीन-चार महिने घालवणं आहे. आधी पुस्तिकेवर युआयएन, म्हणजे राष्ट्रीय परवाना नोंदीतला विशिष्ट क्रमांक, आहे का ते पाहा. तो घेण्याची मुदत अनेकदा वाढवून अखेर २०२० मध्ये संपली. क्रमांक नसेल तर परवाना वैध धरला जात नाही, आणि फॉर्म ए-१ वर नवा अर्ज हाच सरळ मार्ग उरतो. कोणता फॉर्म, हे खिडकीवर तोंडी विचारून उपयोग नाही. पुढच्या वेळी खिडकीवर माणूस वेगळा असतो. एका कागदावर विचारा आणि पोच घ्या.

त्याच दुरुस्तीने तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आली. रिव्हॉल्व्हर, .२२ पिस्तूल आणि आजोबांची बारा बोअर, तिन्ही एकाच नावावर असतील तर एक कमी करावं लागलं असतं, आणि त्याची मुदतही कधीच उलटली आहे. नामांकित नेमबाजांना जास्तीची सवलत आहे, पण ती राष्ट्रीय रायफल संघटनेच्या नियमांप्रमाणे पात्रता गाठून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्यांना. क्लबच्या स्पर्धेतलं पदक त्यासाठी चालत नाही.

खेळाचा कागद

हाच कागद कोणाकडे नसतो, आणि तो मिळवायला महिने लागतात. २००५ चं प्रमाणपत्र तुम्ही खेळत होता एवढंच सांगतं. शाखेला आज खेळता का ते हवं असतं. त्यासाठी रायफल क्लबचं चालू सदस्यत्व, राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय संघटनेची नेमबाज नोंदणी आणि अलीकडच्या स्पर्धेचं गुणपत्रक लागतं.

परवाना नाही तर स्पर्धा कशी खेळायची? दोन वाटा आहेत. क्लबच्या परवान्यावरचं शस्त्र रेंजवर, देखरेखीखाली वापरता येतं. नाहीतर १० मीटर एअर पिस्तूल. .१७७ च्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात १० मीटरची रेंज आहे. मध्ये खंड पडलेल्या माणसाचा खांदा आणि ट्रिगरवरचं बोट एअर पिस्तुलावरच नीट परततं, हा त्यातला वेगळा फायदा. राज्य स्पर्धा, मग मावळंकर (अखिल भारतीय पात्रता स्पर्धा), मग राष्ट्रीय स्पर्धा, ही चढण आजही तीच आहे.

बाकीची कागदपत्रं

पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, रहिवासाचा पुरावा. प्राप्तिकराची विवरणपत्रं बहुतेकदा मागतात, जोडून टाका. शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र फॉर्म एस-२ वर. वैद्यकीय प्रमाणपत्र फॉर्म एस-३ वर, आणि त्यात शारीरिक व मानसिक दोन्ही तंदुरुस्ती आणि व्यसनाधीनता नसल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं "तब्येत ठणठणीत" परत येतं. सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फॉर्म एस-१ वर. "मी जुना नेमबाज आहे" म्हणून ते वगळू नका. अर्ज ऑनलाइन भरून छापील प्रत शाखेत द्यायची.

हेतू, क्षेत्र, काडतुसं

अर्जातल्या या तीन रकान्यांवर पुढची पाच वर्षं अवलंबून असतात, तरी लोक ते घाईत भरतात. जुना परवाना स्वसंरक्षणासाठी असेल तर हेतू खेळ असा स्पष्ट लिहा. क्षेत्र महाराष्ट्रापुरतं राहिलं तर दिल्लीच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर शस्त्र नेता येणार नाही, म्हणून संपूर्ण भारत मागा. काडतुसांचा हिशेब जोडाच. सेंटर फायरच्या, म्हणजे २५ मीटरवरच्या मोठ्या बोअरच्या प्रकाराच्या, एका सामन्यात ६० गोळ्या आणि दोन्ही टप्प्यांच्या सरावाच्या पाच-पाच, म्हणजे ७०. आठवड्यातून दोनदा सराव केला तर १४०. परवान्यावर वर्षाला २०० लिहिलेली असतील तर दुसरा आठवडाही पुरा होत नाही. मंजुरीनंतर आकडा वाढवून घेणं म्हणजे पुन्हा अर्ज. रेंजवर उडवलेल्या काडतुसांची वही सहीनिशी ठेवा, रिकाम्या पुंगळ्याही फेकू नका.

जुनी रिव्हॉल्व्हर सोडवण्याआधी ती स्पर्धेत चालते का तेही मोजा. बोअर ७.६२ ते ९.६५ मिमी, नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम, वजन १४०० ग्रॅमच्या आत. .३२ यात बसते. .३८० आणि .४५५ ची रिमवाली काडतुसं घेणारं शस्त्र आपल्याकडे प्रतिबंधित गटात मोडतं, त्या भानगडीत पडू नका. आखूड नळीची, स्थिर साइटची .३२ नियमात बसली तरी २५ मीटरवर गुण देत नाही. अशा शस्त्रासाठी वर्षभर फाइलमागे धावायचं की ते विकून परवान्यावर दुसरं घ्यायचं, हे अर्जाआधी ठरवा.

नकार आला तर

तोंडी नकार हा नकारच नाही. कलम १४ प्रमाणे कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर त्यांचं थोडक्यात निवेदन द्यावं लागतं. आदेशापासून ३० दिवसांत अपील. पोलिस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे. अपिलात नव्या विनवण्या लिहू नका. नकाराचं जे कारण लिहिलंय त्यालाच उत्तर द्या आणि जो कागद तेव्हा नव्हता तो आता जोडा. बहुतेक वेळा तो अलीकडच्या स्पर्धेचं गुणपत्रकच असतो.