गोधडी

गोधडी : वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून, ते धावदोऱ्याने सर्वभर शिवून केलेले घरगुती अंथरूण-पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ‘वाकळ’ आणि विदर्भात ‘कथडी’ ही नावे रूढ आहेत. एकाच लुगड्याच्या चार घड्यांची हलकी गोधडी ती ‘चौघडी’, तान्ह्या मुलासाठी दोन पदरी केलेले ते ‘दुपटे’. रजई किंवा दुलई यांत पिंजलेला कापूस असतो आणि त्यासाठी पिंजाऱ्याची गरज लागते. गोधडीत कापूस नसतो, कापडावर कापडच असते. वरच्या बाजूला रंगीत तुकडे जोडलेले असणे हे गोधडीचे लक्षण म्हणून अनेकदा सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. दोन्ही बाजूंना अखंड लुगडे असलेली गोधडी सर्रास आढळते. थर आणि ते बांधून ठेवणारा टाका, एवढेच तिचे खरे लक्षण.

व्युत्पत्ती : तिन्ही नावांची कुळे वेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्याने या वस्तूच्या प्राचीनतेविषयी बराच घोळ झाला आहे. ‘कथडी’चा उगम सर्वांत स्पष्ट आहे. संस्कृत ‘कन्था’ला ‘डी’ हा प्रत्यय लागून ती बनली; हिंदी ‘कथरी’ आणि बंगाली ‘काँथा’ या तिच्याच बहिणी. ‘वाकळ’ हा शब्द संस्कृत ‘वल्कल’, प्राकृत ‘वक्कल’ या मार्गाने आला असावा. दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो, जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर दीर्घ होतो, असे दोन्ही बदल येथे नियमाला धरून आहेत. झाडाच्या सालीचे वस्त्र, मग तपस्व्याचे जाडेभरडे वस्त्र, मग गरिबाचे पांघरूण, असा अर्थाचा प्रवास कल्पिता येतो. ध्वनीच्या अंगाने ही व्युत्पत्ती पक्की आहे, अर्थाच्या अंगाने संभाव्य म्हणावी.

‘गोधडी’चे मूळ मात्र वादग्रस्त आहे. ‘गो’ म्हणजे गाय असे पद तोडून केलेला उलगडा ऐकायला मिळतो, पण तो टिकत नाही. हिंदीत ‘गुदड़ी’, गुजरातीत ‘गोदडी’, सिंधीतही ‘द’च आहे आणि हिंदीतील ‘गूदड़’ म्हणजे चिंध्या. शेजारच्या भाषांत ‘ध’ नाही आणि हिंदीत पहिला स्वरही ‘ओ’ नाही, तेव्हा गाईशी संबंध जोडायला आधार उरत नाही. मराठीतही ‘द’चे रूप अगदीच अपरिचित नाही, अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतचे ग्रामदैवत मानले गेलेले संत गोदड महाराज यांच्या नावात ते दिसते. मराठीतील ‘ध’ हा ‘धडपा’, ‘धडुते’ या कापडाच्याच शब्दांच्या सहवासाने आला असावा. एकंदरीत शब्द संस्कृतात न शोधता देशी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) काळापर्यंत ‘गोधडी’ आणि ‘वाकळ’ दोन्ही मराठीत रुळलेले होते.

प्राचीन उल्लेख : ‘कन्था’ पाणिनीच्या अष्टाध्यायीत येते (२.४.२०, ४.२.१०२), आणि त्यावरून गोधडीला अडीच हजार वर्षांचा इतिहास देण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. पहिले सूत्र उशीनर देशातील स्थलनामांविषयी आहे आणि त्याच्या उदाहरणांत ‘सौशमिकन्थम्’सारखी गावांची नावे येतात. हा ‘कन्था’ इराणी-शक भाषांतील नगरवाचक शब्दाशी जोडला जातो. समरकंदच्या शेवटी असलेला ‘कंद’ त्याच कुळातला. पांघरूणाची कन्था आणि गावाची कन्था हे उच्चाराने सारखे, पण निराळे शब्द मानणे बरे.

चिंध्यांच्या पांघरूणाचा निःसंदिग्ध उल्लेख हवा असेल, तर भर्तृहरीच्या वैराग्यशतकाकडे वळावे लागते. त्याचा काळ सामान्यतः पाचवे ते सातवे शतक यांदरम्यान धरतात. जीर्ण वस्त्राच्या शंभर तुकड्यांची कन्था अंगावर असूनही विषयवासना सुटत नाही, अशी खंत तेथे आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रातील योग्याची कन्था तर रस्त्यावरच्या चिंध्यांचीच आहे. नाथ योग्यांच्या वेषातही कर्णमुद्रा, शैली (लोकरीचा दोरा), शृंगी (शिंगाची शिटी) यांच्याबरोबर कंथा येते. बौद्ध भिक्षूंचे तुकडे जोडून शिवलेले चीवर हा याहून जुना पुरावा. विनयपिटकातील महावग्गात मगधातल्या शेतांच्या वाफ्यांसारखी त्याची रचना सांगितली आहे. चीवरांपैकी संघाटी हे वरचे वस्त्र दुहेरी, जीर्ण कापडाचे असल्यास चौपदरीही, करण्याची मुभा तेथे आहे. त्यावरून तुकडे जोडण्याची आणि थर देण्याची परंपरा सिद्ध होते, गोधडीसारख्या सर्वभर टाक्याची नव्हे.

हे सर्व उल्लेख विरक्तांचे आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. घरात बाया शिवत असलेल्या गोधडीची नोंद घेण्याची गरज ग्रंथकारांना वाटली नाही. प्रत्यक्ष वस्तूही फारशा टिकलेल्या नाहीत. सुती कापड मुळातच झिजलेले, त्यात विटलेली गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधून आणि खंबायतकडून पोर्तुगीजांनी नेलेल्या भरतकामाच्या रजया युरोपातील संग्रहालयांत आहेत. पण त्या मागणीवरून केलेल्या व्यापारी मालाच्या, बहुधा रेशमी धाग्याच्या आहेत. दख्खनच्या घरगुती गोधडीचा इतिहास त्यांच्यावरून रचता येत नाही.

रचना : गोधडीचे माप लुगड्याने ठरवले आहे. नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब. त्याच्या चार घड्या केल्या की लांबी साधारण २ मीटर होते आणि पन्ह्याइतकी, म्हणजे सव्वा मीटरच्या आत-बाहेर, रुंदी मिळते. एका माणसाला पुरेल अशी चौघडी यातून थेट निघते, काहीही न कापता. मोठ्या गोधडीसाठी दोन जुनेरे शेजारी-शेजारी जोडतात. वरच्या आणि खालच्या पदराला लुगडे, शक्यतो काठ शाबूत असलेले. पोटात धोतरे, सदऱ्यांचे उसवलेले भाग, परकर, जुन्या गोधडीचे उरलेले तुकडे. इरकली लुगड्याचे रुंद काठ चारी बाजूंना येतील अशी मांडणी विशेष आवडीची. कापड धुऊन-धुऊन मऊ झालेले असावे लागते. कोऱ्या कापडाची गोधडी अंगाला टोचते आणि पहिल्या धुण्यात थर वेगवेगळे आटल्याने तिला चुण्या पडतात.

सारवलेल्या कोरड्या जमिनीवर खालचे लुगडे ताणून पसरतात, कडांना दगड किंवा पाट ठेवतात, आतले थर सांधे एकावर एक येणार नाहीत असे रचतात आणि वरचे लुगडे घालून लांब-लांब कच्चे टाके मारतात. नंतर शिवण सुरू होते. सुई जाड लागते, थर फार झाले तर दाभण.

शिवण्याच्या दिशेचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण गोधडीचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. पश्चिम महाराष्ट्रात सामान्यतः कडेपासून सुरुवात करून, कोपऱ्यावर काटकोनात वळत, चौकटीमागून चौकट घेत मध्यभागी येतात. वस्त्रशास्त्राच्या दृष्टीने याला आक्षेप आहे: प्रत्येक फेरीबरोबर कापडाचा सैलपणा आत ढकलला जातो आणि शेवटी मध्यभागी फुगवटा येऊ शकतो. मधून कडेकडे शिवत गेल्यास सैलपणा बाहेर निघून जातो. तरीही कडेची पद्धत टिकून आहे, याचे कारण पोटातल्या चिंध्या असावे. अखंड थर नसल्याने कडा आधी बंद केल्या नाहीत, तर तुकडे सरकून बाहेर येतात. कच्चे टाके दाट घालणे आणि प्रत्येक फेरीला हाताने सुरकुती पुढे सारणे, हा फुगवट्यावरचा उपाय. गोधडी शिवणारीचे कसब येथेच कळते. काही ठिकाणी लांबीच्या दिशेने समांतर ओळीही घालतात.

दोन ओळींत बोटभर अंतर ठेवतात. २ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद गोधडीत ओळींमधले अंतर २ सेंटिमीटर धरले, तर शिवणीची लांबी सुमारे १२० मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका मोजला तर बारा हजार टाके. घरकाम सांभाळून एका बाईला यासाठी कित्येक दुपारी लागत, म्हणून समोरासमोर दोघी-तिघी बसत. सासू, जावा, शेजारणी यांच्या हाताचे टाके एकाच गोधडीत वेगळे ओळखू येतात.

हंगाम आणि सण : सुगी उरकून पाऊस सुरू होईपर्यंतचा उन्हाळा हा शिवणीचा काळ. दुसरा, लहान काळ श्रावण-भाद्रपदानंतरचा. नवरात्राच्या आधी, घट बसण्यापूर्वी, घरातील सगळी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची रीत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आजही पाळली जाते. गोधड्या नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर नेतात, सोड्याच्या पाण्यात भिजवतात, दगडावर आपटतात, धोपटण्याने बडवतात. ओली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून ती पिळतात. नंतर खडकांवर, कुंपणांवर भाद्रपदअखेरच्या कडक उन्हात ती वाळते. वाळवल्यावर तुटलेले टाके पुन्हा घालायचे, फाटलेल्या जागी ठिगळ द्यायचे, जी अगदीच गेली तिच्यावर नवे लुगडे चढवायचे. दिवाळीला माहेरवाशिणी आणि पाहुणे येतात तेव्हा घरात पुरेशी धुतलेली अंथरुणे हवीत, हा हिशेबही त्यामागे असतो. थंडीही तेव्हाच पडू लागते.

या वार्षिक धुण्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. गोधडीची दाट शिवण उबेसाठी असल्याचे समजले जाते, पण ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेने येते आणि टाके जितके दाट तितके थर दाबले जाऊन ती हवा कमी होते. दाट टाका खरा उपयोगी पडतो तो दगडावर आपटताना. पोटातली चिंधी जागेवर राहते, गोळा होत नाही. रजईचा कापूस असा धुता येत नाही, तो उसवून पुन्हा पिंजावा लागतो. गोधडीचा टाका सणाच्या धुण्याने घडवला आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

बाळंतविड्यात झबले, टोपडे, कुंची यांबरोबर दुपटे असते. त्यासाठी आजीचे किंवा आईचे वापरलेले लुगडे मुद्दाम निवडतात.

इतर प्रदेश : कर्नाटकातील कौदी रचनेने वाकळेच्या सर्वांत जवळची आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून निसटून जंगलात आले, आणि त्यांच्या बोलीत कोकणी व मराठीचा अंश मोठा आहे. कवंदी कडेपासून आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात. त्यांना ‘फूल’ म्हणतात आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. बंगालचा नक्षी काँथा व बिहारची सुजनी यांत टाका चित्र काढतो. मराठी गोधडीत चित्र क्वचितच, रंगसंगती मात्र डोळस असते.

सद्यःस्थिती : नऊवारी सुती लुगड्याच्या जागी पाचवारी कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या आणि गोधडीचा कच्चा मालच आटला. हे कापड घाम फारसे शोषत नाही, थरावर थर घसरतो आणि सुईलाही जड जातो. सोलापुरी चादर व गिरणीची ब्लँकेटे स्वस्तात मिळू लागली. अलीकडे बचत गट आणि लहान उद्योग शिवणयंत्रावर गोधड्या करून विकतात. घरातल्या आजीच्या साड्या देऊन शिवून घेण्याची मागणी शहरांत आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांत वाढली आहे. यंत्राला पाच-सहा थरांपलीकडे जड जाते, म्हणून या गोधड्या पातळ असतात आणि पुष्कळदा त्यांच्यात तयार अस्तर भरलेले असते. वर दिलेल्या व्याख्येत त्या काटेकोरपणे बसत नाहीत. हाताच्या शिवणीच्या प्रादेशिक पद्धतींची पद्धतशीर नोंद घ्यायची तर ज्या बायांनी नदीवर गोधड्या धुतल्या आहेत त्या असेपर्यंतच ती घेता येईल.